इंग्लिश खाडीची शर्यत

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

आमची शाळा नदीकाठी आहे. समोर एक बेट आहे आणि त्या बेटावरून चाळीस-पन्नास मुले रोज फेरीबोटीने आमच्याकडे शिकायला येतात. दोन वर्षांपूर्वी दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत एके सकाळी त्या फेरीबोटीचे यंत्र ऐन पात्राच्या मध्यावर बंद पडले. बाकीची मुले आधीच्या खेपेने आलेली होती. या खेपेत आमचा एकच विद्यार्थी होता. बोट दोराने ओढून काठाला लावीपर्यंत बराच वेळ गेला आणि तो मुलगा धावत शाळेच्या फाटकाशी पोहोचला तेव्हा गणिताचा पेपर सुरू होऊन चाळीस मिनिटे झाली होती. नियमाप्रमाणे त्याला आत घेता आले नाही. फाटकाशी मी उभा होतो. “सर, मी घरातून वेळेवर निघालो होतो,” एवढेच तो म्हणाला. नियम समजावून सांगण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हते, आणि नियम समजावून सांगताना माझी मान वर होत नव्हती.

पुढचे दोन पेपर अजून व्हायचे होते. परंतु मुलाच्या वडिलांचा निरोप आला की, तो आता परीक्षेला बसत नाही म्हणतो. त्या संध्याकाळी मी फेरीबोट धरली आणि बेटावर गेलो. त्याच्या घरच्या ओसरीवर बसून मी त्याला जी हकिगत सांगितली, तीच आज आपणांपुढे ठेवणार आहे. ती आहे इंग्लिश खाडी पोहून जाण्याच्या वार्षिक शर्यतीची, म्हणजे १९५० ते १९५९ या दहा वर्षांची. चाळीस मिनिटांच्या उशिराला त्या हकिगतीत मोठे स्थान आहे. ते का, हे पुढे कळेलच.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये जो समुद्राचा पट्टा आहे, त्याला आपल्याकडे पूर्वीपासून इंग्लिश खाडी म्हणतात. डोव्हरपासून फ्रान्सच्या कॅप ग्री-ने या भूशिरापर्यंत तिची रुंदी सुमारे एकवीस मैल, म्हणजे तेहेतीस-चौतीस किलोमीटर आहे. कॅप ग्री-ने म्हणजे करडे नाक. हे नाक समुद्रात पुढे आलेले असल्यामुळे फ्रान्सकडून निघणारे बहुतेक जलतरणपटू याच परिसरातून पाण्यात उतरत. एकवीस मैल हा आकडा ऐकून फार मोठा वाटत नाही. घाट नसलेल्या सपाट वाटेने एखादा शेतकरी एवढे अंतर दिवसभरात चालून जाईल. परंतु समुद्रातली वाट सरळ नसते.

आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना भरती-ओहोटी सांगावी लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग असतो, हे आमच्या गावातले लहान पोरही जाणते. इंग्लिश खाडीत या भरती-ओहोटीचा ओघ खाडीच्या लांबीच्या दिशेने वाहतो. सुमारे सहा तास तो ईशान्येकडे जातो आणि पुढचे सुमारे सहा तास उलट नैर्ऋत्येकडे. पोहणाऱ्याला जायचे असते आडवे. त्यामुळे तो आधी एका बाजूला ढकलला जातो, मग दुसऱ्या बाजूला, आणि किनाऱ्याजवळ येता येता ओघ पुन्हा फिरला, तर दिव्यांची रांग समोर दिसत असूनही ती जवळ येत नाही. चांगला पोहणारा तासाला तीन किलोमीटरांच्या आसपास जातो. उधाणाच्या दिवसांत तिथला ओघ याच्या दुप्पट वेगाने वाहू शकतो. म्हणून तिथे जाणारे जलतरणपटू शक्यतो भांगाचे दिवस धरतात, किनाऱ्यावर खोली घेऊन राहतात आणि वारा पडण्याची वाट पाहतात. कधी तीन दिवस, कधी तीन आठवडे. वारा पडला नाही, तर सामान बांधून परत जातात. पाणी उन्हाळ्याच्या अखेरीसदेखील पंधरा ते अठरा अंश एवढेच उबदार असते. म्हणून अंगाला जाड चरबी चोपडावी लागते. त्याशिवाय वाटेत जेलीफिशचे थवे आणि जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी एक मार्ग.

या खाडीतून कोणत्याही साधनाशिवाय पोहून जाणारा पहिला मनुष्य म्हणजे कप्तान मॅथ्यू वेब. त्याने १८७५ च्या ऑगस्टमध्ये डोव्हरहून निघून २१ तास ४५ मिनिटांत फ्रान्सचा किनारा गाठला. ओघाने इकडेतिकडे नेल्यामुळे एकवीस मैलांच्या जागी त्याला एकोणचाळीस मैलांच्या आसपास पाणी कापावे लागले. त्यानंतर अनेकांनी प्रयत्न केले. परंतु दुसरा मनुष्य पार जाण्यास १९११ साल उजाडावे लागले. १९२६ मध्ये गर्ट्रूड एडर्ले ही अमेरिकन तरुणी पार गेली. खाडी पार करणारी ती पहिली स्त्री. तिला सुमारे साडेचौदा तास लागले आणि तोपर्यंतच्या सर्व पुरुषांपेक्षा तिचा वेळ कमी होता.

यानंतर एक विलक्षण प्रकार घडला. १९२७ मध्ये लंडनच्या डोरोथी लोगन नावाच्या एका महिला डॉक्टरने आपण तेरा तासांच्या वर थोड्याच वेळात खाडी पार केल्याचे जाहीर केले आणि त्याबद्दल ठेवलेले हजार पौंडांचे बक्षीसही तिला मिळाले. काही दिवसांनी तिने स्वतःच कबुली दिली की, आपण बराचसा प्रवास नावेतून केला. नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला तर किती सहज फसवणूक होऊ शकते, हे जगाला दाखवण्यासाठी आपण हे केले, असे तिचे म्हणणे होते. बक्षीस परत गेले, खोट्या शपथेबद्दल तिला दंडही झाला. परंतु तिचे म्हणणे मात्र सर्वांना पटले. त्याच वर्षी खाडी पोहणाऱ्यांची एक संस्था स्थापन झाली आणि तिने नियम घालून दिले. पोहणाऱ्याबरोबर नाव असावी, नावेत निरीक्षक असावा. कोरड्या जमिनीवरून निघावे आणि पाणी मागे टाकून पलीकडच्या जमिनीवर स्वतःच्या पायांनी यावे. वाटेत अन्न द्यायचे तर काठीला बांधून किंवा दोरीने सोडून द्यावे. नावेला अथवा नावेतल्या माणसाला स्पर्श झाला की प्रयत्न तिथेच संपला.

श्रोतेहो, या शेवटच्या नियमाचा मी पुष्कळ वेळा विचार करतो. नावेतला माणूस पोहणाऱ्याला सर्व काही सांगू शकतो. वारा कुठून आहे, ओघ कधी फिरेल, किनारा किती उरला. तो त्याला धीर देऊ शकतो, रागावू शकतो. एकच गोष्ट तो करू शकत नाही: हात पुढे करू शकत नाही. हात दिला तर पोहणाऱ्याचा जीव वाचतो. परंतु त्याचे पोहणे तिथेच संपते. शिक्षकाला हे स्थान चांगले परिचयाचे आहे.

आतापर्यंत मी सांगितले ते एकेकट्याने केलेले प्रयत्न. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘डेली मेल’ या लंडनच्या वृत्तपत्राने १९५० मध्ये सर्वांची मिळून एक शर्यत ठेवली. फ्रान्सकडून निघून इंग्लंड गाठायचे. पुरुषांत पहिल्या येणाऱ्याला हजार पौंड आणि स्त्रियांत पहिल्या येणारीलाही हजार पौंड. दोघांना सारखेच बक्षीस, ही गोष्ट त्या काळात लक्षात घेण्याजोगी होती. युद्धाच्या वर्षांत हा समुद्र सुरुंगांनी आणि युद्धनौकांनी भरलेला होता. तिथे आता माणसे हौसेने पोहणार, ही कल्पनाच लोकांना सुखद वाटली असेल.

२२ ऑगस्ट १९५० रोजी ही पहिली शर्यत झाली. पहिला आला हसन अब्देल रहीम, ईजिप्तच्या सैन्यातला एक अधिकारी. त्याने १० तास ५० मिनिटांत खाडी पार केली. यापूर्वी कोणीही इतक्या कमी वेळात ती पार केली नव्हती. त्या वेळी सुएझ कालव्याच्या प्रदेशात इंग्रजांचे सैन्य ठाण मांडून होते आणि इकडे इंग्लंडच्या किनाऱ्यावर ईजिप्तचा एक सैनिक सर्वांच्या आधी पाण्यातून वर येत होता. स्त्रियांत पहिली आली आयलीन फेंटन, यॉर्कशरमधील ड्यूसबरीची एक तरुण शिक्षिका. तिला साडेपंधरा तास लागले. खांदा दुखावल्यामुळे शेवटचे काही तास ती जवळजवळ एकाच हाताने पोहत होती.

परंतु त्याच महिन्यात आणखी एक घटना घडली आणि मला ती शर्यतीइतकीच महत्त्वाची वाटते. फ्लॉरेन्स चॅडविक नावाच्या अमेरिकन स्त्रीने या शर्यतीत भाग घेण्यासाठी अर्ज केला होता. सौदी अरेबियातील एका तेल कंपनीत ती नोकरी करी आणि फावल्या वेळात इराणच्या आखातात पोहण्याचा सराव करी. तिच्या नावाला प्रसिद्धी नसल्यामुळे तिचा अर्ज नामंजूर झाला. तिने आपली साठवलेली रक्कम खर्च केली, स्वतः नाव भाड्याने घेतली आणि शर्यतीच्या दोन आठवडे आधी, ८ ऑगस्टला, एकटीने फ्रान्सहून निघून १३ तास २० मिनिटांत इंग्लंडचा किनारा गाठला. एडर्लेचा चोवीस वर्षांपूर्वीचा विक्रम तिने मोडला. शर्यत भरवणाऱ्यांनी दार लावून घेतले होते. परंतु समुद्राला दार नव्हते.

पुढच्या वर्षी, १९५१ मध्ये, ‘डेली मेल’ची दुसरी शर्यत झाली. याही वेळी ईजिप्तचाच मरेह हसन हमद पहिला आला आणि स्त्रियांत इंग्लंडची ब्रेंडा फिशर १२ तास ४२ मिनिटांत पहिली आली. पहिल्या वर्षी नऊ जण पार गेले होते. या वर्षी अठरा जण गेले. एका वर्षात माणसांचे बळ दुप्पट झाले असे नाही. त्या दिवशी समुद्र बरा होता, हेच त्याचे मोठे कारण.

यानंतर त्या वृत्तपत्राने शर्यत थांबवली. १९५३ पासून ती बिली बटलिन याने चालवली. सामान्य कुटुंबांना सुट्टीत स्वस्तात राहता यावे म्हणून समुद्रकाठी मोठमोठ्या छावण्या उभारणारा हा उद्योजक. त्याला जाहिरात हवी होती, यात लपवण्याजोगे काही नव्हते. परंतु त्या जाहिरातीमुळे एक उपकारही झाला. एकट्याने खाडी पोहणे हे खर्चाचे काम. प्रवास, राहणे, नाव, तांडेल, निरीक्षक, आणि वारा पडेपर्यंतची वाट पाहणे. गरीब देशांतील जलतरणपटूंना ते झेपणे शक्य नव्हते. शर्यतीत निवड झाली की निदान नावेची आणि निरीक्षकाची व्यवस्था भरवणाऱ्यांकडून होई.

म्हणून या वर्षांतील विजेत्यांची नावे पाहण्यासारखी आहेत. १९५३ मध्ये ईजिप्तचा अब्देल लतीफ अबू हैफ पहिला आला. १९५४ मध्ये पोर्तुगालचा जुआकीं बाप्तिस्ता पेरेरा. हा तेजू नदीच्या काठच्या आल्हांद्रा गावचा, नदीतच लहानाचा मोठा झालेला मनुष्य. आम्हां गोवेकरांना त्या काळच्या पोर्तुगालविषयी अनेक कडू आठवणी ऐकून माहीत आहेत. परंतु नदीकाठच्या पोराचे कौतुक वाटण्यास त्या आड येत नाहीत. १९५५ मध्ये पुन्हा अबू हैफ.

आता मी १९५७ या वर्षाकडे येतो. त्या वर्षी चोवीस जण पाण्यात उतरले. अशी शर्यत ठरवताना भांगाचे दिवस पाहून तारीख काढता येते, कारण चंद्राचे गणित पंचांगात आधीच लिहिलेले असते. वाऱ्याचे पंचांग मात्र नाही. एकट्याने पोहणारा वारा पडेपर्यंत थांबतो. शर्यतीत उतरणाऱ्याला ठरलेल्या वेळी निघावेच लागते. नावा सज्ज असतात, वार्ताहर आलेले असतात, छायाचित्रकार आलेले असतात. अशा दिवशी चोवीस जणांपैकी फक्त दोघे इंग्लंडला पोहोचले. बावीस जणांना समुद्रातून वर काढावे लागले. त्या दोघांत पहिली आली ती एक स्त्री होती: ग्रेटा अँडरसन.

ग्रेटा मूळची डेन्मार्कची. लंडनच्या १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या शर्यतीत तिने सुवर्णपदक मिळवले होते. त्याच ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरच्या शर्यतीत मात्र ती पाण्यातच बेशुद्ध होऊ लागली आणि तिला तलावातून बाहेर काढावे लागले. चारशे मीटर पुरे करू न शकलेली हीच स्त्री नऊ वर्षांनी सुमारे चौदा तास समुद्राशी झगडून सर्व पुरुषांच्या आधी किनाऱ्यावर उभी राहिली. १९५८ मध्ये ती पुन्हा आली आणि पुन्हा सर्वांत पहिली आली. वेळ ११ तास १ मिनिट. तोवर कोणत्याही स्त्रीने खाडी इतक्या लवकर पार केली नव्हती.

याच १९५८ च्या शर्यतीत पुरुषांमध्ये पहिला आला तो ढाक्याजवळच्या विक्रमपूरचा ब्रोजेन दास. बंगाली बोलणारा आणि बुढीगंगा नदीत पोहायला शिकलेला हा तरुण त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातून आला होता. खाडी पार करणारा तो पहिला आशियाई मानला जातो. त्याला १४ तास ५२ मिनिटे लागली. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला आपले मिहिर सेन यांनी शर्यतीबाहेर, एकट्याने, १४ तास ४५ मिनिटांत खाडी पार केली. ते पहिले भारतीय. व्यवसायाने ते वकील होते आणि या यशापूर्वी त्यांचे अनेक प्रयत्न फसलेले होते.

ब्रोजेन दास यांच्या विजयाची बातमी कलकत्त्यात पोहोचली तेव्हा अठरा वर्षे नुकतीच पुरी होत आलेल्या एका मुलीने त्यांना अभिनंदनाचे पत्र लिहिले. तिचे नाव आरती साहा. आई तिच्या अगदी बालपणीच वारली होती. आजीने तिला वाढवले. हुगळीच्या घाटावर ती पोहायला शिकली आणि १९५२ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे पोहली. त्या पथकात मुंबईची डॉली नाझीर हीदेखील होती. आरतीच्या पत्राला ब्रोजेन दास यांनी उत्तर दिले की, तुलाही हे जमेल. एवढ्यावरच न थांबता त्यांनी पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठी तिचे नाव भरवणाऱ्यांना सुचवले. श्रोतेहो, फाळणी होऊन तेव्हा अकराच वर्षे झाली होती. दोघांची भाषा एक आणि मध्ये सीमा. त्या सीमेच्या पलीकडून हे नाव सुचवले गेले.

आता आरतीची तयारी सुरू झाली. १९५९ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या देशबंधू पार्कातील तळ्यात ती लोकांसमोर सलग आठ तास पोहली, पुढे सलग सोळा तास पोहली. पैशांची अडचण होती. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधनचंद्र रॉय यांनी मदत मिळवून दिली. जुलैच्या अखेरीस ती इंग्लंडला गेली. तळ्याच्या ऊबदार पाण्यातून ती थेट त्या गार समुद्रात आली होती आणि सरावाला हाताशी जेमतेम दोन आठवडे होते.

२७ ऑगस्ट १९५९. मध्यरात्रीनंतर एक वाजता कॅप ग्री-नेहून शर्यत सुटायची होती. बाकीच्यांच्या नावा आल्या. आरतीची नाव आली नाही. नावेशिवाय पाण्यात उतरण्यास परवानगी नसते. ती काठावर उभी राहिली आणि अंधारात एकेकाचा दिवा दूर जाताना पाहत राहिली. नाव आली तेव्हा चाळीस मिनिटे उलटली होती.

चाळीस मिनिटे म्हणजे किती? जमिनीवर फार नव्हेत. परंतु तिथे भरतीचे गणित मिनिटांवर बांधलेले असते. ज्या ओघाने तिला किनाऱ्याकडे न्यावे असा हिशेब होता, तो आता तिच्या वाट्याला पुरता आला नाही. सकाळी अकराच्या सुमारास इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला. तिथे उलटा ओघ लागला. पुढच्या पाच तासांत ती दोनच मैल पुढे सरकली. हात चालू होते, किनारा दिसत होता आणि अंतर सरत नव्हते. तिची थांबण्याची इच्छा नव्हती. तांडेलाच्या आग्रहामुळे तिला थांबावे लागले. तीन मैल उरले असताना आरती साहा नावेत चढली आणि शर्यतीच्या नोंदीत तिच्या नावापुढे ‘अपूर्ण’ एवढाच शेरा राहिला. त्या दिवशी पहिला आला अर्जेंटिनाचा आल्फ्रेदो कामारेरो.

शर्यत संपली. वार्ताहर गेले, छायाचित्रकार गेले. आरती गेली नाही. ती महिनाभर तिथेच राहिली आणि पोहत राहिली. २४ सप्टेंबरला तिला एकोणिसावे वर्ष पुरे झाले. २९ सप्टेंबरला ती पुन्हा त्याच भूशिरावरून पाण्यात उतरली. या वेळी तिच्याबरोबर कोणी स्पर्धक नव्हते. दिवसही भांगाचे नव्हते: २ ऑक्टोबरला अमावास्या होती, म्हणजे उधाण तीन दिवसांवर आले होते. ती १६ तास २० मिनिटे पोहली. ओघाने तिला इतके फिरवले की, एकवीस मैलांच्या खाडीसाठी तिला बेचाळीस मैल पाणी कापावे लागले. अखेर ती इंग्लंडच्या सँडगेट येथील किनाऱ्यावर स्वतःच्या पायांनी चालत आली आणि तिथे तिने भारताचा तिरंगा उभारला. इंग्लिश खाडी पार करणारी ती पहिली आशियाई स्त्री. सर्वांत आधी तिचे अभिनंदन केले ते त्या वेळच्या लंडनमधील भारताच्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांनी. त्याच पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. १९६० मध्ये आरतीला पद्मश्री मिळाली. हा सन्मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला खेळाडू होती. १९९४ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, काविळीने तिचे निधन झाले.

१९५९ ची शर्यत ही बटलिनची शेवटची शर्यत ठरली. त्यानंतर खाडी पोहणारे बहुतांशी पुन्हा पूर्वीच्याच रीतीकडे वळले. नाव ठरवायची, किनाऱ्यावर थांबायचे, समुद्र होय म्हणेल तेव्हा निघायचे. ब्रोजेन दास १९६१ मध्ये या रीतीने निघाले आणि १० तास ३५ मिनिटांत पार गेले. पहिल्या शर्यतीत हसन अब्देल रहीमने लावलेला विक्रम अकरा वर्षांनी मोडला. आपल्या मराठी मुलखातूनही पुढे अनेक जण त्या खाडीत उतरले. पुण्याच्या रोहन मोरे यांनी तर इंग्लिश खाडीसह जगातील सात अवघड सागरी मार्ग पुरे केले आणि २०१८ मध्ये असे करणारे ते पहिले आशियाई ठरले.

मग ही शर्यत फुकट होती काय? मला तसे वाटत नाही. तिने ईजिप्तच्या सैनिकाला, तेजूकाठच्या पोराला, बुढीगंगेच्या तरुणाला एकाच काठावर उभे केले आणि ज्यांच्याकडे नावेचे भाडे नव्हते त्यांना नाव दिली. ती नसती, तर आरती साहा कलकत्त्याहून निघालीच नसती. दार शर्यतीने उघडले, हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु शर्यतीचा दिवस एकच असतो. त्या एका दिवशी वारा कुठून आला, नाव केव्हा आली, यावर तिचा निकाल लागतो आणि तो निकाल खोटाही नसतो. २७ ऑगस्टला आरती पार गेली नाही, हे खरेच आहे. चूक तेव्हा होते, जेव्हा त्या दिवसाचा निकाल आपण त्या माणसाचा निकाल समजतो. खाडी २८ ऑगस्टलाही तिथेच होती.

परीक्षेचेही असेच आहे, असे मी त्या संध्याकाळी बेटावरच्या त्या ओसरीवर म्हणालो. परीक्षा असावी, तिला तारीख असावी, फाटक वेळेवर बंद व्हावे. एकासाठी ते उघडले तर वेळेवर आलेल्यांना काय सांगायचे? हे सर्व मला मान्य आहे. परंतु बंद फाटकाशी उभे राहून नियम सांगणाऱ्याने त्यानंतर पलीकडच्या काठावर जाण्याची तसदीही घेतली पाहिजे. नावेतल्या माणसाला हात देता येत नाही. बरोबर राहता येते.

मुलाने सर्व ऐकून घेतले. त्याने एकच प्रश्न विचारला: “सर, तिची नाव उशिरा का आली?” मी म्हणालो, “ते मला कोणी सांगितले नाही.” तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आणि तिने त्या नाववाल्यावर राग धरून बसण्यात महिना घालवला नाही.” यावर मी काही बोललो नाही. शिक्षकाने केव्हा गप्प बसावे, हेही शिकावे लागते.

दुसऱ्या दिवशी तो पेपराला आला. त्यानंतरच्याही पेपराला आला. गणित त्याने पुरवणी परीक्षेत दिले आणि तो उत्तीर्ण झाला. गुण फार नव्हते, पुरेसे होते. आता तो यंत्रदुरुस्तीचे शिक्षण घेतो. रोज सकाळी त्याच फेरीबोटीने नदी ओलांडतो. मात्र एक फरक झाला आहे: तो नेहमी एक खेप आधीची बोट धरतो. मी काठावर भेटलो की हात वर करतो आणि घड्याळ दाखवतो.